ध्रुवीय खोल समुद्रातल्या आयसोपॉडची नवी प्रजाती: चाळणीपासून छापील वर्णनापर्यंत

२००२ ते २००५ या काळात ‘पोलारश्टेर्न’ या जर्मन संशोधन जहाजावरून अँडीप (दक्षिण महासागराच्या खोल समुद्रातल्या जैवविविधतेचा अभ्यास करणाऱ्या) मोहिमा झाल्या. दक्षिण महासागराच्या खोल तळातून त्यांनी आयसोपॉडांच्या (कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातल्या लहान प्राण्यांच्या) ६७४ प्रजाती वर आणल्या, आणि त्यातल्या ५८५ विज्ञानाला नव्या होत्या. हे आकडे २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या कित्येक प्रजातींना अजूनही नाव नाही. अशा प्रजाती जीनसचं (जवळच्या प्रजातींच्या गटाचं) नाव आणि पुढे एखादा तात्पुरता क्रमांक लावून वर्षानुवर्षं बाटल्यांत पडून राहतात.

थोडक्यात, ध्रुवीय खोल समुद्रात नवी प्रजाती सापडणं फारसं कठीण नाही. कठीण आहे ते तिचं नीट वर्णन करणं. पन्नास वर्षांनी दुसऱ्या मोहिमेत तसाच प्राणी मिळाला, तर तो हाच की दुसरा हे केवळ तुमचा लेख आणि तुम्ही संग्रहालयात ठेवलेला नमुना यांवरून ठरवता आलं पाहिजे. खालची प्रत्येक पायरी तो प्राणी हातात घेऊन बसलेल्या माणसासाठी आहे.

उदाहरणासाठी मॅक्रोस्टायलिडी हे आयसोपॉडांचं कुळ घेतलं आहे. ओल्या कुंडीखाली सापडणारे राखाडी किडे आयसोपॉडच, पण या कुळातला मॅक्रोस्टायलिस हा जीनस समुद्रतळाच्या चिखलात बिळं करून राहतो. लांबी बहुधा २ ते ५ मिलिमीटर, डोळे नाहीत, रंग नाही. वक्षाचे पहिले तीन खंड घट्ट जुळून खणायला उपयोगी असा एक भाग बनतो, त्याला फॉसोसोम म्हणतात. अंटार्क्टिकातल्या अमुंडसेन समुद्रात, पाइन आयलंड उपसागराच्या परिसरात सापडलेल्या मॅक्रोस्टायलिस रोआल्डीचं वर्णन २०१२ साली प्रसिद्ध झालं. शरीररचना आणि डीएनए एकाच लेखात कसे मांडावेत हे पाहण्यासाठी ते वाचून मगच कामाला लागावं. अँफिपॉड किंवा टॅनेड या आयसोपॉडांच्या नातलग गटांतले प्राणी हाताळणाऱ्यांनाही पुढचं बहुतेक सगळं लागू पडतं. फक्त उपांगांची (पाय, शृंगिका, जबडे यांसारख्या अवयवांची) नावं बदलतात.

परवाना

६० अंश दक्षिण अक्षांशापलीकडचा भाग अंटार्क्टिक कराराखाली येतो. भारतीय मोहिमेसाठी ‘भारतीय अंटार्क्टिक कायदा, २०२२’ नुसार परवाना लागतो. गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र या मोहिमांची आखणी करतं, त्यामुळे पहिली चौकशी तिथेच करावी. दुसऱ्या देशाच्या जहाजावरचे नमुने अभ्यासायला मिळाले असतील, तर त्या मोहिमेच्या परवान्याची प्रत मागून घ्या. परवाना क्रमांक लेखात द्यावा लागतो, आणि मोहीम संपून काही वर्षं गेली की तो शोधणं जिकिरीचं होतं.

डेकवरचा पहिला तास

असे प्राणी पकडायला एपिबेंथिक स्लेज वापरतात. तळावरून घसरत जाणाऱ्या या लोखंडी चौकटीला जाळी लावलेली असते. मुख्य जाळीची भोकं ५०० मायक्रोमीटरची आणि शेवटच्या भांड्यातली ३०० मायक्रोमीटरची. ओढण्याचा वेग साधारण १ नॉट ठेवतात. वेग वाढला तर स्लेज तळावरून उचलली जाते आणि जाळीत नुसतं पाणी येतं.

नमुन्याची सगळ्यात जास्त नासाडी डेकवर होते. तळाचं पाणी शून्य अंशाच्या आसपास असतं. उन्हाळी मोहिमेत डेकवर ऊन असेल, तर चिखल तापून प्राण्यांतली विकरं काम करू लागतात आणि डीएनए तुटतो. याउलट हवा उणे दहा असेल आणि चाळणी उघड्यावर राहिली, तर प्राणी चाळणीवरच गोठतात. बर्फाचे स्फटिक ऊती फाडतात आणि पाय सांध्यात तुटतात. म्हणून स्लेज वर येण्याआधीच गाळलेलं थंड समुद्रपाणी बादल्यांत भरून ठेवा आणि चाळणीचं काम आडोशाला करा. पाण्याची जोरदार धार चिखलावर सोडू नका. चिखल बादलीत घ्या, थंड पाणी घालून हाताने हलकेच ढवळा आणि वरचं गढूळ पाणी ३०० मायक्रोमीटरच्या चाळणीतून ओता. हलके प्राणी पाण्याबरोबर येतात, वाळू आणि खडे तळाशी राहतात. असं पाच-सहा वेळा करा. बादलीत उरलेला गाळही फेकू नका, कारण जड कवचाचे आणि बिळात राहणारे प्राणी त्यातच सापडतात.

डीएनएसाठी ९६ टक्के इथेनॉल लागतं, आणि तेही आधीच उणे २० अंशांवर थंड केलेलं. चाळलेल्या मालाच्या किमान तिप्पट इथेनॉल घाला. बाटली काठोकाठ मालाने भरली तर काही उपयोग नाही. मालातल्या पाण्याने इथेनॉल पातळ होतं आणि ते पाणी उणे २० अंशांत गोठूही शकतं. म्हणून पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी बाटली हलकेच आडवी फिरवा आणि २४ तासांनी इथेनॉल बदला. किमान ४८ तास उणे २० अंशांत ठेवल्याशिवाय माल निवडायला घेऊ नका. इथेनॉल शुद्धच हवं. औद्योगिक स्पिरिटमध्ये पिण्यालायक राहू नये म्हणून मिसळलेले पदार्थ डीएनएच्या कामात अडथळा आणतात.

फॉर्मॅलिनमध्ये शरीर जास्त नीट टिकतं, म्हणून मालाचा काही भाग ४ टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवणं फायद्याचं ठरतं. त्यात बोरॅक्स मात्र घालाच. आम्ल फॉर्मॅलिन कवचातलं कॅल्शियम खातं आणि काही महिन्यांत प्राणी लिबलिबीत होतो. फॉर्मॅलिनमधल्या नमुन्यातून पुढे डीएनए मिळेल अशी आशा धरू नका.

माल निवडताना पेट्री डिश बर्फावर ठेवा. चिमट्याने प्राणी उचलू नका, कारण इथेनॉलमध्ये ठिसूळ झालेले पाय बेसिस आणि इशियम या कांड्यांमधल्या सांध्यात सहज निखळतात. बारीक तारेचा वेढा करून त्यावर प्राणी अलगद उचला, किंवा रुंद तोंडाचा ड्रॉपर वापरा. प्रत्येक प्राणी वेगळ्या कुपीत ठेवा. एका कुपीत पाच ठेवले, तर सुटलेला पाय कुणाचा हे पुन्हा कधीच कळत नाही.

नवी आहे हे कशावरून

या टप्प्यावर घाई होते, आणि ती वर्गीकरणशास्त्राला दशकानुदशकं भोवते. आयसोपॉड मादी वक्षाखालच्या पिशवीत पिल्लं वाढवते. पिशवीतून बाहेर पडणाऱ्या पिल्लाला मँका म्हणतात आणि त्याची सातवी पायजोडी अजून तयार झालेली नसते. सातव्या पायाचा पत्ता नाही म्हणून नवी प्रजाती ठरवणं ही नवख्यांची नेहमीची चूक. मॅक्रोस्टायलिसमध्ये नर-मादीचा फरक आणखी फसवा आहे. पूर्ण वाढलेल्या नराच्या पहिल्या शृंगिकेवर (डोक्यावरच्या मिशीवर) गंध टिपणाऱ्या नळ्यांचा झुपका असतो, शरीर सडपातळ होतं आणि खंडांचं परस्पर प्रमाणही बदलतं. एकाच प्रजातीच्या नराला आणि मादीला वेगवेगळ्या प्रजातींत टाकणं त्यामुळे सहज घडतं. एका ठिकाणाहून आलेले सगळे नमुने आधी मँका, अपक्व मादी, पिशवीची पानं फुटू लागलेली मादी, अंडी असलेली मादी, अपक्व नर आणि पक्व नर अशा गटांत लावा. तुलना फक्त त्याच गटातल्याशी करा.

त्यानंतर साहित्य. सागरी प्रजातींच्या जागतिक नोंदवहीतून, म्हणजे ‘वर्म्स’मधून, त्या जीनसच्या सगळ्या वैध नावांची आणि बाद झालेल्या नावांचीही यादी काढा. प्रत्येक प्रजातीचं मूळ वर्णन वाचा. नंतर तयार झालेल्या ओळख-तक्त्यांवर (कीजवर) विसंबू नका. ‘चॅलेंजर’ मोहिमेतले (१८७२–७६) आयसोपॉड बेडार्ड यांनी इंग्रजीत वर्णिले, तर जर्मन दक्षिण ध्रुव मोहिमेतल्या (१९०१–०३) आयसोपॉडांवर फानहोफेन यांनी १९१४ साली जर्मनमध्ये लिहिलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं बरंच काम रशियनमध्ये आहे. जुने ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट मिळतात. भाषा येत नसली तरी चित्रं पाहता येतात, आणि वर्णनाचं भाषांतर करून घेता येतं. रशियन लेख वगळून केलेली तुलना अर्धवट असते आणि परीक्षक ती परत पाठवतात. योग्यच करतात.

जवळच्या दोन-तीन प्रजातींचे टाइप नमुने, म्हणजे मूळ वर्णन ज्यांवरून झालं ते नमुने, प्रत्यक्ष पाहायला मिळाले तर फार उत्तम. संग्रहालयं पूर्वीइतक्या सहज टाइप पाठवत नाहीत, पण कोणत्या उपांगाचं, कोणत्या कोनातून आणि किती मोठं छायाचित्र हवं हे नेमकं कळवलं तर बहुतेक ठिकाणांहून मदत मिळते. इथेनॉलमधले नमुने विमानाने पाठवताना आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ए १८० या विशेष तरतुदीचा आधार घेतात: प्रत्येक कुपीत ३० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव नको, कुप्या सीलबंद प्लॅस्टिक पिशवीत हव्यात, आणि पूर्ण खोक्यात १ लिटरपेक्षा जास्त ज्वलनशील द्रव नको. खोक्यावर तसा मजकूर नसेल तर पार्सल विमानतळावरच अडकतं.

होलोटाइप निवडणं

प्रजातीचं नाव कायमचं एका नमुन्याला बांधलेलं असतं, तो होलोटाइप. पुढे तुमचं वर्णन चुकीचं निघालं, तुम्ही पॅराटाइप म्हणून, म्हणजे होलोटाइपच्या जोडीचे म्हणून, लावलेले नमुने भलत्याच प्रजातीचे निघाले, तरी नाव होलोटाइपबरोबर राहतं. म्हणून सगळ्यात मोठा किंवा सगळ्यात देखणा नमुना उचलून होलोटाइप करू नका. आपल्या जीनसमधल्या इतर प्रजाती कोणत्या लिंगाच्या आणि कोणत्या अवस्थेच्या नमुन्यांवरून ओळखल्या जातात ते पाहा. मॅक्रोस्टायलिसमध्ये माद्यांचीच वर्णनं जास्त तुलना करता येण्याजोगी आहेत, त्यामुळे पूर्ण पायांची मादी योग्य ठरते. ज्या गटांत नराच्या पहिल्या दोन प्लीओपॉडांवरून, म्हणजे पोटाखालच्या पात्यांसारख्या उपांगांवरून, प्रजाती वेगळ्या होतात, तिथे पक्व नर घ्यावा. शक्य असेल तर होलोटाइपचेच दोन पाय डीएनएसाठी काढा. नावाचा नमुना आणि त्याची जनुकीय ओळख एकाच प्राण्यातून आली, की पुढचे निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

एकच नमुना हाती असेल तर? खोल समुद्रात हे वारंवार होतं आणि नियमांची त्याला आडकाठी नाही. प्राणी पूर्ण वाढलेला असेल, पाय बऱ्यापैकी शाबूत असतील आणि फरक ठळक असतील, तर वर्णन करावं. मँका असेल किंवा मागचा अर्धा भाग तुटलेला असेल, तर थांबा.

विच्छेदन

क्रम महत्त्वाचा आहे. आधी छायाचित्रं, मग डीएनएसाठी पाय, मग ग्लिसरीन, मग पूर्ण शरीराचं चित्र, आणि सगळ्यात शेवटी सुई. ग्लिसरीनमध्ये गेलेल्या नमुन्याचे पाय डीएनएसाठी काढायचं आठवलं, तर उशीर झालेला असतो.

इथेनॉलमधून प्राणी थेट ग्लिसरीनमध्ये टाकला तर तो आक्रसतो आणि खंड एकमेकांत शिरतात. वॉचग्लासमध्ये नऊ भाग इथेनॉल आणि एक भाग ग्लिसरीन घ्या, त्यात प्राणी ठेवा, वर सैल कागद झाका आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्या. इथेनॉल उडून जातं, ग्लिसरीन उरतं आणि प्राण्याचा आकार टिकतो. ग्लिसरीनमध्ये पातळ कवच इतकं पारदर्शक होतं की कडा दिसेनाशा होतात. अशा वेळी क्लोराझोल ब्लॅकच्या इथेनॉलमधल्या पातळ द्रावणात काही मिनिटं बुडवा. रंग थोडा थोडा चढवा, कारण जास्त चढलेला रंग उतरवणं कठीण जातं. मेथिलीन ब्लू इथेनॉलमध्ये धुऊन निघतो, म्हणून होलोटाइपच्या तात्पुरत्या निरीक्षणाला तोच वापरा.

सुया घरी करता येतात: ०.१ मिलिमीटरच्या कीटक-टाचण्या काडीत बसवा, किंवा टंगस्टनच्या तारेला सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात वीज सोडून टोक काढा. एका सुईने शरीर हलकेच दाबून धरा आणि दुसरीने सांध्याची त्वचा कापा. ओढू नका. ओढलं की पाय बुंध्याऐवजी दुसऱ्या सांध्यात तुटतो आणि बेसिस शरीरालाच राहतं.

विच्छेदन शक्यतो होलोटाइपच्याच लिंगाच्या आणि अवस्थेच्या पॅराटाइपचं करा. एकच नमुना असेल तर फक्त एका बाजूची उपांगं काढा, दुसरी बाजू हात न लावता ठेवा. मुखांगं मागून पुढे काढत जायची. मॅक्सिलिपेड सगळ्यांत बाहेर असतात, ते आधी निघतात. मग मॅक्सिला, मॅक्सिल्यूला आणि शेवटी मँडिबल म्हणजे चावण्याचे जबडे. डावा आणि उजवा मँडिबल सारखे नसतात. डाव्यावर लॅसिनिया मोबिलिस नावाची हलणारी दातेरी पट्टी ठसठशीत असते, उजव्यावर तिच्या जागी फार तर बारीक काटा. दोन्ही काढा, दोन्हींची चित्रं करा. एकाच मँडिबलचं चित्र देऊन बाजू न सांगितलेली वर्णनं जुन्या साहित्यात पुष्कळ आहेत, आणि तुलनेला ती जवळजवळ निरुपयोगी आहेत.

मॅक्रोस्टायलिसचा तिसरा पाय फार जपून काढा. त्याच्या इशियमवर वरच्या बाजूला त्रिकोणी उंचवटा असतो आणि उंचवट्याच्या टोकाशी जाड सीटा, म्हणजे कायटिनचे काटेरी केस. त्या सीटांची संख्या, लांबी आणि वाकण्याची तऱ्हा प्रजाती ओळखायला उपयोगी पडते, आणि नेमक्या त्याच सीटा सुईला लागून तुटतात. सीटा दिसली नाही म्हणून ती नव्हतीच असं लिहू नका. कवचावर तिची खोबण शोधा; खोबण असेल तर सीटा होती आणि तुटली. चित्रात अशी जागा तुटक रेषेने दाखवा.

प्रत्येक उपांग काढल्याबरोबर वेगळ्या स्लाइडवर ठेवा आणि तिथल्या तिथे नाव लिहा: नमुना क्रमांक, उपांग, डावं की उजवं. ‘सगळे काढून मग लिहू’ म्हटलं की पाचवा, सहावा आणि सातवा पाय एकमेकांत मिसळतात. कव्हरस्लिपखाली फुटक्या कव्हरस्लिपचे बारीक तुकडे टेकू म्हणून द्या, नाहीतर दाबाने मँडिबल फिरतो आणि प्लीओपॉड पसरून मूळापेक्षा रुंद दिसतो.

कायमच्या स्लाइडसाठी युपॅरल हे नमुना बसवायचं माध्यम टिकाऊ आहे, पण त्यात पातळ भाग पुसट दिसतात. म्हणून चित्रं आधी ग्लिसरीनमध्ये पुरी करून घ्या. ग्लिसरीन जेली गरम करून वापरतात आणि पुन्हा उघडता येते, मात्र कडा नीट सील न केल्यास काही वर्षांत वाळते. हॉयर्सचं माध्यम स्वच्छ दिसतं म्हणून मोह होतो. टाइपसाठी ते टाळा, कारण काळाच्या ओघात त्यात स्फटिक धरतात आणि ते काळवंडतं. होलोटाइपची उपांगं आम्ही कायमची चिकटवावीत या मताचे नाही. ती ग्लिसरीनच्या सूक्ष्मकुपीत ठेवली तर पुढचा संशोधक ती फिरवून दुसऱ्या कोनातून पाहू शकतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुना वाळवून त्यावर सोन्याचा थर द्यावा लागतो, म्हणून होलोटाइप तिकडे कधीही पाठवू नका. काँगो रेड आणि ॲसिड फुक्सिनने रंगवून काँफोकल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर नमुना न गमावता जवळपास तेवढंच बारीक दिसतं. सोय असेल तर तोच मार्ग धरा.

चित्रं

छायाचित्र कितीही चांगलं असलं तरी रेखाचित्राची जागा घेत नाही. छायाचित्रात कॅमेऱ्याला दिसलं ते येतं. रेखाचित्रात सूक्ष्मदर्शकाचा फोकस वरखाली करून, प्रत्येक रेषा कुठून निघाली आणि कुठे संपली हे ठरवून मगच ती काढलेली असते.

सूक्ष्मदर्शकाला ड्रॉइंग ट्यूब म्हणजे कॅमेरा ल्युसिडा लावा आणि पेन्सिलीने कच्चं चित्र काढा. दृष्टिक्षेत्राच्या कडेला प्रतिमा वाकडी होते, म्हणून लांब पाय तुकड्यातुकड्याने, प्रत्येक तुकडा मध्यभागी आणून काढा. वर्धन न बदलता, त्याच कागदाच्या कोपऱ्यात स्टेज मायक्रोमीटरवरून मोजपट्टी काढून ठेवा. नंतर अंदाजाने घातलेली मोजपट्टी ही सगळ्यात जास्त आढळणारी आणि सगळ्यात उशिरा सापडणारी चूक आहे. पूर्ण शरीर वरून आणि बाजूने, अशी दोन चित्रं हवीत. शरीर डिशमध्ये तिरपं पडलं तर रुंदी चुकते. दोन्ही बाजूंच्या पायांचे बुंधे सारखेच दिसतात का ते पाहून ते सरळ करा.

कच्चं चित्र ३०० डीपीआयवर स्कॅन करून ड्रॉइंग टॅबलेटने इलस्ट्रेटर किंवा फुकट मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये गिरवा. बाह्यरेषा जाड, आतले सांधे मध्यम, सीटा सगळ्यांत बारीक, आणि ही जाडी सगळ्या चित्रांत एकच ठेवा. एक सीटा काढून तीच सगळीकडे चिकटवायचा मोह आवरा. दातेरी, पिसासारख्या, दुभंगलेल्या टोकाच्या आणि साध्या सीटा वेगळ्या असतात, आणि त्यातच ओळख असते.

मापं मिलिमीटरमध्ये द्या आणि कुठून कुठपर्यंत मोजलं ते लिहा. शरीराची लांबी डोक्याच्या पुढच्या कडेपासून प्लीओटेल्सन या शेवटच्या भागाच्या टोकापर्यंत, मधल्या रेषेवर घेतात. शृंगिका आणि युरोपॉड, म्हणजे शेवटच्या टोकाची उपांगं, त्यात धरत नाहीत. प्राणी वाकलेला असेल तर प्रत्येक खंड वेगळा मोजून बेरीज करा.

डीएनए

जेवढं लागतं तेवढंच सांगतो. इथेनॉलमध्ये नीट राखलेल्या नमुन्याच्या एका बाजूचे दोन-तीन पाय पुरतात. प्रजाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या सीओआय जनुकासाठी १९९४ पासून वापरात असलेले फोल्मर प्रायमर (हवा तो तुकडा वाढवायला लागणारे छोटे डीएनए-धागे) ६५८ डीएनए-अक्षरांचा तुकडा देतात, पण खोल समुद्रातल्या आयसोपॉडांत ते वारंवार फसतात. म्हणून सोबत १६एस या दुसऱ्या जनुकाचंही काम करा. मिळालेल्या सीओआयमध्ये मध्येच थांबा-संकेत आला, तर ती जनुकाची निकामी नक्कल आहे असं समजा. डेटाबेसशी ताडून पाहताना भलताच जीव निघाला, तर पोटातलं अन्न किंवा अंगावरचे जिवाणू आलेत. जनुकीय अंतराचा कोणताही एक आकडा ‘इथून पुढे नवी प्रजाती’ असं सांगत नाही. दक्षिण महासागरातल्या हॅप्लोनिस्कस आणि बीटामॉर्फा या जीनसांमध्ये, एकच वाटणाऱ्या प्रजातींत अनेक वंश लपलेले निघाले आहेत. तिथे डीएनएने दाखवलेल्या गटांत शरीराचे फरक पुन्हा शोधावे लागले. वेगळेपण डीएनएवरून सांगायचं असेल, तर ‘पाच टक्के फरक’ असं मोघम लिहू नका. कोणत्या जनुकात, कोणत्या संदर्भक्रमानुसार, कितव्या जागी कोणतं अक्षर आहे ते द्या.

लिहिणं

होलोटाइपची नोंद अशी असावी: लिंग आणि अवस्था, लांबी, संग्रहालय आणि नोंदणी क्रमांक, जहाज आणि मोहीम, स्थानक (नमुना घेतल्याची जागा) क्रमांक, स्लेज तळाला लागल्याचे आणि उचलल्याचे अक्षांश-रेखांश, दोन्हींची खोली, तारीख, साधन, जेनबँक या जनुकीय माहितीच्या सार्वजनिक साठ्यातला क्रमांक. स्लेज लांब अंतर ओढली जाते, त्यामुळे एकच बिंदू देणं दिशाभूल करणारं आहे.

त्यापुढे डायग्नोसिस, म्हणजे ही प्रजाती जीनसमधल्या बाकी सगळ्यांपासून वेगळी करणारी मोजकी लक्षणं. पाच ते आठ पुरेत. ‘शृंगिका लांब’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘प्लीओटेल्सनची लांबी रुंदीच्या १.६ पट, मागच्या कडेला मध्ये उंचवटा’ असं लिहिलं की ते तपासता येतं. एकाहून जास्त नमुने असतील तर प्रमाण एका आकड्यात न देता पल्ल्यात द्या, आणि किती नमुने मोजले ते सांगा.

मग तपशीलवार वर्णन, डोक्यापासून शेपटाकडे, तुटक वाक्यांत. आधीच्या एखाद्या प्रजातीचं वर्णन साचा म्हणून घेतलं तर तिथली वाक्यं न बदलता राहून जातात. म्हणून शेवटी प्रत्येक वाक्य स्वतःच्या चित्राशी ताडून पाहा. मजकुरात तीन सीटा आणि चित्रात चार हे परीक्षकाला हमखास दिसतं.

टिप्पणीचा भाग सगळ्यात मन लावून लिहावा. जवळच्या प्रत्येक प्रजातीशी साम्य काय आणि फरक काय हे नावानिशी सांगा. अंटार्क्टिकात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तिथलं खंडमंच, म्हणजे खंडाला लागून असलेला समुद्रतळ, बर्फाच्या भाराने दबलेलं असल्यामुळे बहुतेक ठिकाणी सुमारे ५०० मीटर खोल आहे, आणि वरपासून खालपर्यंत पाण्याच्या तापमानात फरक थोडा. त्यामुळे खोल समुद्रातली कुळं मंचावर चढलेली आढळतात, मॅक्रोस्टायलिस रोआल्डीसारखी. म्हणून तुलना फक्त आपल्या खोलीच्या प्रजातींपुरती ठेवू नका. पिल्लं पिशवीत वाढतात आणि पोहणारी अळी नसते, म्हणून विस्तार मर्यादित असेल असा कयास करता येतो. पण एकाच स्थानकावरून आलेल्या प्रजातीला ‘प्रदेशनिष्ठ’ म्हणण्याआधी ‘आजवर फक्त इथे आढळली’ एवढंच लिहिणं खरं ठरतं.

नाव

नाव रोमन लिपीत, उच्चारखुणांशिवाय लिहावं लागतं. विशेषण वापरलं तर ते जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलतं: मॅक्रोस्टायलिस स्त्रीलिंगी म्हणून इलाँगाटा, ग्लिप्टोनोटस पुल्लिंगी म्हणून अंटार्क्टिकस. पुरुषाच्या नावावरून ठेवलेल्या नावाच्या शेवटी आय, जसं रोआल्ड अमुंडसेनवरून रोआल्डी. स्त्रीच्या नावावरून ठेवलं तर शेवटी ए आणि ई ही अक्षरं. भारतीय भाषांतला शब्दही चालतो. दक्षिण महासागरातल्या युरिथेनीस या अँफिपॉडच्या एका प्रजातीला २०१५ साली ‘अंधकार’ या संस्कृत शब्दावरून नाव मिळालं. नाव त्याच जीनसमध्ये आधी वापरलेलं नाही ना, हे बाद नावांतही तपासा. नाव छापून येण्याआधी परिषदेच्या गोषवाऱ्यात किंवा बातमीत देऊ नका. वर्णनाशिवाय छापलेलं नाव वैध नसतं, पण गोंधळ मात्र कायमचा होतो.

छापताना आणि छापल्यावर

प्राणिनामांची आंतरराष्ट्रीय संहिता काही गोष्टी सक्तीच्या करते. ‘नवी प्रजाती’ असा स्पष्ट उल्लेख हवा, वेगळेपण शब्दांत सांगितलेलं हवं, आणि होलोटाइप कोणता व कोणत्या संग्रहात आहे ते लिहिलेलं हवं. केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात लेख असेल, तर तो आधी झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदवलेला असावा लागतो आणि नोंदणीचा पुरावा लेखातच छापावा लागतो. २०१२ पासूनचा हा नियम पाळायचा राहिला, तर लेख निघूनही नाव उपलब्ध होत नाही. झूटॅक्सा, झूकीज यांसारखी नियतकालिकं हे स्वतः पाहतात. लहान नियतकालिकात ते लेखकालाच तपासावं लागतं.

टाइप नमुने व्यक्तीच्या कपाटात ठेवायचे नाहीत. भारतीय संशोधकांसाठी कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण ही नेहमीची जागा आहे. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेलाही अधिकृत भांडाराचा दर्जा आहे. सगळे नमुने एकाच इमारतीत ठेवू नका. सप्टेंबर २०१८ मध्ये रिओ दि जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं, त्यात टाइप नमुनेही गेले. होलोटाइप एका देशात ठेवला तर काही पॅराटाइप दुसऱ्या खंडातल्या संग्रहालयाला द्या.

कुपीतली चिठ्ठी सुती कागदावर, पेन्सिलीने किंवा न विरघळणाऱ्या शाईने लिहा. लेझर प्रिंटरची अक्षरं इथेनॉलमध्ये सुटून तळाशी जमतात, बॉलपेनची शाई विरघळते. लहान कुपीला कापसाचा बोळा लावून ती इथेनॉल भरलेल्या मोठ्या बरणीत उलटी ठेवा, म्हणजे बरणीचं झाकण सैल झालं तरी प्राणी लगेच कोरडा पडत नाही. स्लाइडच्या लेबलवर नमुना क्रमांकासोबत माध्यमाचं नावही लिहा: युपॅरल, ग्लिसरीन जेली, जे असेल ते. वीस वर्षांनी स्लाइड वाळू लागली, तर ती कोणत्या द्रवाने सोडवायची हे संग्रहालयातल्या माणसाला त्यावरूनच कळणार असतं.